नागासाकीत एकट्याने घालवलेला दिवस : तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात कामासाठी फुकुओकाला होतो. मधला एक रविवार मोकळा मिळाला. सोबतचे गोल्फला गेले, मी नागासाकीला. हाकाताहून, म्हणजे फुकुओकाच्या मुख्य स्टेशनवरून, गाडी पकडायची, ताकेओ-ओन्सेनला समोरच्याच फलाटावर उभ्या असलेल्या शिनकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) शिरायचं, की साधारण दीड तासात नागासाकी. २०२२ साली सुरू झालेली ही शिनकान्सेन जेमतेम ६६ किलोमीटरची, बाकीच्या जाळ्याला कुठेच न जोडलेली. सीट आवडेपर्यंत उतरायची वेळ.

गावात फिरायला ट्राम. मागच्या दाराने चढायचं, पुढच्याने उतरायचं आणि भाडं उतरताना ड्रायव्हरशेजारच्या डब्यात टाकायचं. कुठूनही कुठेही जा, भाडं एकच. डबा उरलेले पैसे परत देत नाही. हजाराची नोट तिथेच मोडून मिळते, पण माझ्याकडे होती दहा हजारांची. ड्रायव्हरने नोटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मागे खोळंबलेल्या रांगेकडे बघितलं आणि पांढरा मोजा घातलेल्या हाताने 'नंतर, नंतर' अशी खूण केली. खाली उतरून एका दुकानात ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, घेतली, सुट्टे केले. संध्याकाळी परतताना दुसऱ्या ट्राममध्ये दोन भाड्यांची नाणी टाकायला गेलो, तर त्या ड्रायव्हरने निम्मी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. त्याला वाटलं, याला मोजता येत नाही. खाणाखुणा करून झाल्या. त्याने मान डोलावली, पैसे काही घेतले नाहीत. तेव्हा नागासाकीचं एक भाडं माझ्या अंगावर आहे.

अणुबॉम्ब संग्रहालय बघितलं. ११ वाजून २ मिनिटांनी थांबलेलं घड्याळही बघितलं. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही. पुढे रस्ता चुकलो आणि सान्नो देवळाच्या पायऱ्यांशी पोचलो. तिथली दगडी कमान, म्हणजे तोरी, एका पायावर उभी आहे. स्फोटाच्या जागेपासून हे अंतर ८०० मीटर. दुसरा खांब त्या दिवशी पडला, तो अजून जवळच ठेवलाय. आजूबाजूला साधी घरं, एका गच्चीत वाळत घातलेले टॉवेल. वर देवळापाशी कापराची दोन झाडं. तीही तेव्हा होरपळली होती, आता त्यांच्या बुंध्याला दोघांचे हात पुरणार नाहीत.

तुमच्यापैकी कोण कोण तिथे एकटं फिरलंय? 'काय बघावं' याची यादी नको, ती कुठेही मिळते. दिवस कसा गेला ते लिहा.

*

मी वसईचा, गासचा. आमच्या चर्चचं नाव संत गोन्सालो गार्सिया. फेब्रुवारीत सण असतो, मिस्सा असते, फादर दरवर्षी प्रवचनात जपानचं नाव घेतात. ते ऐकत मोठा झालो, पण ती जागा खरोखर कुठे असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

ती नागासाकी स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे! निशिझाका नावाची छोटी टेकडी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने इथे सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं. भर थंडीत क्योतोकडून महिनाभर चालवत आणलं होतं. सहा फ्रान्सिस्कन मिशनरी, बाकी वीस जपानी, त्यात एक पोरगा बारा वर्षांचा. त्या सहांमधला एक आमचा गोन्सालो. बाप पोर्तुगीज, आई आपल्याकडची. आधी व्यापार करायचा, जपानी भाषा यायची, मग तीच भाषा मिशनऱ्यांच्या उपयोगी पडली.

स्मारक १९६२ चं आहे. एका ओळीत ब्राँझचे सव्वीस जण, बहुतेकांचे हात जोडलेले. पावलं बघा. एकाचंही जमिनीला टेकलेलं नाही, सगळी खाली लोंबतायत. मी दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. आपला कोणता ते कळेना. शेवटी शेजारच्या संग्रहालयात गेलो आणि तिथल्या बाईंना म्हणालो, "गोन्सालो गार्सिया, माझं गाव." त्यांनी ते मनात दोनदा जुळवलं असावं. मग काउंटर सोडून माझ्याबरोबर बाहेर आल्या आणि एका मूर्तीसमोर उभ्या राहून दोन्ही हातांनी दाखवलं, आपण पाहुण्याला घरातलं माणूस दाखवतो तसं.

पिशवीत आईने दिलेली सुकेळी होती. एक पुडी त्यांना दिली. त्यांनी वास घेतला आणि विचारलं, "होशिगाकी?" ते म्हणजे त्यांच्याकडचं सुकवलेलं पर्सिमन. मी म्हटलं, नाही, केळं. त्यांनी कागद पुढे केला, गावाचं नाव लिहा म्हणून. मी देवनागरीत 'वसई' लिहिलं. त्या अक्षरांवरची रेघ त्यांनी बोटाने गिरवली.

दुपारी बेकरीत पावाला 'पान' म्हणतात हे कळलं. पोर्तुगीजांनी दोन्हीकडे एकच शब्द टाकून ठेवलाय. त्यानंतर मला तिथे फारसं परकं वाटलं नाही.

*

वसईकर दादा, तुमचं वाचून डोळे भरले. आता माझं ऐका, ते पोटाचं आहे.

वय ६४, पक्की शाकाहारी, मुलगा फुकुओकात. "आई, एकटी नको जाऊस" याला न जुमानता गेले. नागासाकीत जो तो चांपोन खा म्हणतो. भाज्यांचा डोंगर असलेल्या शेवया दिसतात, म्हणून बसले. वरचं मांस काढून देतील हो, पण रस्सा डुकराच्या आणि कोंबडीच्या हाडांचा, तो कसा काढणार? उठले. कास्तेला केकमध्ये अंडं असतं. त्या दिवसापुरतं अंडं चालतं असं मीच ठरवलं. तळाला जाड साखरेचे न विरघळलेले दाणे, दाताखाली कुरकुर वाजतात. एक वडी घेतली होती, चार झाल्या.

मेगाने-बाशी म्हणजे चष्म्याचा पूल. १६३४ चा दगडी पूल, दोन कमानी आणि पाण्यातली त्यांची सावली मिळून चष्मा होतो. नदीकाठच्या भिंतीत बदामाच्या आकाराचा दगड आहे, तिथे जोडप्यांची ही झुंबड. एकटी बाई दिसली की प्रत्येकजण फोन हातात देतो. नऊ जोडप्यांचे फोटो काढले, माझा एकही नाही. मग हातगाडीवरच्या आजींकडून आइस्क्रीम घेतलं. कोनावर चपट्या कालथ्याने एकेक पाकळी लावत त्या गुलाब करतात. माझ्या गुलाबाला त्यांनी दोन पाकळ्या जास्त लावल्या, मी मोजल्या.

गुडघेवाल्यांसाठी: ग्लोव्हर उद्यानाकडे चढू नका, त्या बाजूला डोंगर चढणारी तिरकी लिफ्ट आहे आणि ती फुकट आहे.

*

काकू, फोटो माझाही नाही. मी गुनकानजिमाच्या बोटीत बसलो होतो. १९७४ मध्ये ओस पडलेलं कोळशाच्या खाणीचं बेट. युद्धकाळात कोरियन आणि चिनी मजुरांना सक्तीने राबवलं ती जागा. लाटा जास्त म्हणून उतरू दिलं नाही, लांबून फेरी मारून आणलं. त्या फेरीत मला फक्त शेजाऱ्याची पाठ आणि प्लास्टिकची पिशवी आठवते.

*

देजिमा. १६३६ साली परदेशी व्यापाऱ्यांना कोंडून ठेवायला बांधलेलं पंख्याच्या आकाराचं बेट, पुढे दोनशेच्या वर वर्षं डचांचं. आता आजूबाजूला भर घातल्यामुळे समुद्र गायब. तिथे एक दगड आहे : जपानात बॅडमिंटन इथे आलं. डच लोक फावल्या वेळात फूल-बॅट खेळायचे म्हणे, आपल्या पुण्याच्या छावणीत या खेळाला 'पूना' नाव पडलं त्याच्याही आधी. कोथरूडचा माणूस आहे, निषेध नोंदवून पुढे गेलो.

*

येवल्याचा आहे, तेव्हा पतंग सोडून दुसरं काय लिहिणार. नागासाकीच्या पतंगाला 'हाता' म्हणतात. आपल्यासारखाच चौकोनी, शेपूट नाही, बहुतेक लाल-पांढरा-निळा. आणि दोऱ्याला काचेचा मुलामा! दोऱ्याला तिकडे 'योमा' म्हणतात. देजिमातल्या डचांबरोबर आलेल्या आशियाई नोकरांनी हा खेळ तिकडे नेला असं सांगतात. वसंतात टेकड्यांवर काटाकाटी होते.

एका दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराला मी माझ्या डाव्या तर्जनीवरचा जुना व्रण दाखवला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, निरखून बघितला आणि काही न बोलता स्वतःचं बोट पुढे केलं. अगदी त्याच पेऱ्यावर. मी त्याला 'वकाट', ही आमची पतंग कापल्यावरची आरोळी, शिकवली, त्याने लगेच म्हणून दाखवली. पतंग घेतला, पण विमानात दोरा नेऊ देतील की नाही या भीतीने योमा घेतला नाही. अजून चुकचुकतंय.

*

जहाजावर होतो तेव्हा गोदीत अकरा दिवस काढलेत. केबिनच्या खिडकीतून १९०९ ची अवाढव्य क्रेन दिसायची, अजून कामावर आहे. सुट्टीच्या दिवशी ३३३ मीटर उंच इनासा डोंगरावर गेलो. खाली दिव्यांचं खोरं, आणि मी त्यात आमचंच जहाज शोधत बसलो. सापडलं तेव्हा रोपवेची वेळ संपत आली होती.

*

मार्चमध्ये जातोय. धागाकर्ते, तुमचं ट्रामचं भाडं भरून येऊ का?

*

भरा की! फक्त सुट्टे घेऊन जा. आणि ड्रायव्हर परत देईलच, तेव्हा त्या पैशांचं काकूंच्या आजींकडचं आइस्क्रीम घ्या.