ई-बुकची किंमत कोणी ठरवावी, दुकानानं की प्रकाशकानं?

राजवाडाकर: माझं मत सरळ आहे, किंमत प्रकाशकानंच ठरवावी. अ‍ॅमेझॉननं 2007 ला किंडल हे ई-बुक वाचायचं यंत्र आणलं तेव्हा नवी गाजलेली पुस्तकं 9.99 डॉलरला लावली, त्यातल्या कितीतरी पुस्तकांचे प्रकाशकाला त्याहून जास्त पैसे द्यावे लागायचे, म्हणजे पदरचे घालून विकायचं. हे ज्याच्याकडे बाकी हजार वस्तू विकायला आहेत त्यालाच परवडतं, नुसती पुस्तकं विकणारा कसा टिकणार? आपल्याकडे फ्लिपकार्टनंसुद्धा 2015 ला ई-बुकचा धंदा गुंडाळला आणि गिऱ्हाइकं कोबो या दुसऱ्या ई-बुक दुकानाकडे पाठवली.

रामबागवाला: काय बोलून राहिलात दादा, तेही करून झालंय की. 2010 ला आयपॅड आला तेव्हा अ‍ॅपलनं पाच मोठ्या प्रकाशकांशी करार केले, किंमत त्यांची आणि अ‍ॅपलला 30 टक्के कमिशन, लगेच 9.99 वाली पुस्तकं 12.99 नि 14.99 ला गेली. 2012 ला अमेरिकी सरकारनं केस टाकली, 2013 ला कोर्टानं अ‍ॅपलला दोषी धरलं, 45 कोटी डॉलरची तडजोड झाली. भुर्दंड वाचकालाच पडला होता ना? आणि आपण इंदुरात बसलोय, खजुरी बाजारात शाळा-कॉलेजची पुस्तकं ढिगानं आहेत पण नवी मराठी कादंबरी मागा, "मागवावी लागेल" म्हणतात. पुण्याहून मागवली तर वर कुरियरचे पैसे. माझी मुलगी रात्री मोबाइलवर मराठी वाचते ती स्वस्त मिळतं म्हणूनच, भाव वाढले की ती सरळ हिंदीकडे वळणार.

राजवाडाकर: दोषी धरलं ते संगनमतासाठी, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाव वाढवले म्हणून. प्रकाशकानं किंमत ठरवणं हाच गुन्हा, असं कोर्ट म्हणालं नाही, ती पद्धत आजही चालू आहे.

छावणीची वाचक: तुम्ही दोघं लेखकाला विसरलात. स्वतः पुस्तक काढणाऱ्याला भारतातल्या किंडल विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी असेल तर किंमत ठरलेल्या मर्यादेत ठेवायची आणि 90 दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच विकायचं नाही, नाहीतर 35 टक्के. आता सांगा, दुसऱ्या दुकानात पुस्तकच नाही तर भावाची स्पर्धा होणार कशी?

रामबागवाला: ताई, कोणी जबरदस्ती केलेली नाही. 35 घ्या आणि चार ठिकाणी विका.

छावणीची वाचक: निम्म्या पैशात? मराठीत मुळात खप किती असतो भाऊ! मला स्वस्त पुस्तक हवंच आहे, पण ते दोन-तीन दुकानांत मिळालं पाहिजे, ही अट आधी काढा मग किमतीवर बोलू.