उरणच्या द्रोणागिरीची गोष्ट कुणाला माहीत आहे का?

नमस्कार मंडळी, शाळेतल्या मुलांसाठी संजीवनीवर भित्तिपत्रक करतेय, मदत हवी आहे. वाल्मीकी रामायणात जांबवान हनुमानाला एक नाही, चार वनस्पती आणायला सांगतो: मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सुवर्णकरणी आणि संधानी. उत्तराखंडातल्या द्रोणागिरी गावात तर डोंगर नेल्याच्या रागाने मारुतीची पूजाच करत नाहीत! आपल्या उरणचा द्रोणागिरी म्हणजे त्याच डोंगराचा पडलेला तुकडा, असं म्हणतात. करंजा-मोरा भागातल्या कुणी घरच्या मोठ्यांकडून ही गोष्ट ऐकली असेल तर प्लीज तिकडच्या बोलीतच लिहा. शिवाय बाजारात संजीवनी म्हणून मिळणारी, मुठीसारखी मिटलेली वाळकी झुडपं पाण्यात टाकली की हिरवी होऊन उलगडतात. तुमच्याकडे त्यांना काय म्हणतात?