आयकप कापून टाका म्हणणाऱ्यांना उत्तर

सातरस्त्याची गच्ची:
आयपीस म्हणजे दुर्बिणीला डोळा लावायची भिंगाची नळी, आणि आयकप म्हणजे तिच्या तोंडाचं रबरी कडं. परवा या आकाश बघणाऱ्यांच्या गटावर एकाने लिहिलं, "आयपीसवरचं रबर नुसती शोभा आहे. मी तिन्ही आयपीसची रबरं ब्लेडने कापली, आता चष्म्यासकट सगळं दिसतं. नवीन लोकांनीही हेच करावं." खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात गेल्याच महिन्यात दुर्बीण घेतलेले दोघे आहेत. ते खरंच ब्लेड हातात घेतील, म्हणून लांबलचक लिहितोय.

आयपीसमधला प्रकाश भिंगाच्या मागे हवेत एका बारक्या टिकलीत गोळा होतो. डोळ्याची बाहुली नेमकी त्या टिकलीवर पाहिजे. जवळ गेलात किंवा लांब राहिलात की घेवड्याच्या दाण्यासारखी काळी सावली दृश्यातून फिरायला लागते. 32 मिलिमीटरचा प्लॉसल, म्हणजे नेहमीचा साधा आयपीस घ्या, टिकली सुमारे 22 मिलिमीटर मागे असते. रबर कापलं तर डोळा टेकणार कशावर? अंदाजाने हवेत धरायचा. दहा मिनिटांत मान भरते आणि माणूस दुर्बिणीला नावं ठेवतो.

दुसरं, बाजूचा उजेड. माझ्या कठड्याच्या उंचीवर खांबावरचा पांढरा एलईडी आहे. आपल्या सोलापुरातून ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल पुंजका दक्षिणेला जेमतेम 25 अंश वर येतो. मेमध्ये 8 इंची डॉबला, म्हणजे साध्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीला, 25 चा आयपीस लावून तो बघत होतो. रबर दुमडलेलं होतं तेव्हा नुसता धुरकट गोळा. रबर उभं केलं, डोळा आत रुतवला, थोडा वेळ थांबलो, तर कडेचे तारे रव्यासारखे सुटे झाले. भिंग तेच, आकाश तेच.

मायनस साडेचार:
तो मीच. नाव घेऊन लिहायचं होतं.

माझा नंबर उणे साडेचार, वर पाऊण सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर. चष्मा लावून पूर्ण दृश्य बघायला टिकली 15 ते 20 मिलिमीटर मागे लागते. 10 च्या प्लॉसलला मिळते 7. त्यात तुमचं उभं रबर म्हणजे खिडकीपासून चार फुटांवरून अंगणात बघायचं. विक्सन एसएलव्हीचे आयपीस घ्या, पेंटॅक्स एक्सडब्ल्यू घ्या, 20 मिलिमीटर मिळतात, हे मला माहीत आहे. एका पेंटॅक्सच्या पैशात माझी अर्धी दुर्बीण येते. दुमडायचं म्हणाल तर माझी रबरं दोन उन्हाळ्यांत घडीवर तडकली. पत्र्याच्या खोलीत मेमध्ये काय होतं ते सोलापूरकराला सांगायला नको. एकाचं तर चिकट होऊन डोळ्याभोवती काळं कडं उमटायचं. बायको विचारायची, कुठे मार खाऊन आलात? ज्याला चष्मा नाही त्याने चष्मेवाल्याला शिकवू नये.

सातरस्त्याची गच्ची:
रबर कापून तुम्हाला 10 च्या आयपीसवर फार तर दोन-तीन मिलिमीटर मिळाले, पंधरा नाही. दृश्याची कड तुम्हाला आजही दिसत नसणार. छातीवर हात ठेवून सांगा.

आणि 10 ला चष्मा लागतोच कशाला? तुमचीही दुर्बीण एफ 6 आहे, म्हणजे फोकसची लांबी आरशाच्या रुंदीच्या सहापट. 10 भागिले 6, टिकली 1.7 मिलिमीटर रुंदीची. एवढा बारीक झोत डोळ्याच्या मधल्या भागातूनच जातो, तिथे पाऊण सिलिंडर जवळजवळ जाणवत नाही. मायनस नंबर तर फोकसच्या चाकावरच निघतो. चष्मा खिशात ठेवा आणि बघा.

मायनस साडेचार:
काय बे, गणित मलापण येतं. चष्मा काढला की मला फोकसचं चाक सापडत नाही, खाली ठेवला तर पायाखाली जातो. एक काच अशीच गेलीय माझी, हिप्परगा तलावाच्या बांधावर, अंधारात. नवीन चष्म्याचे पैसे तू देणार आहेस का?

सातरस्त्याची गच्ची:
अरे-तुरे नको. दोरी मिळते चष्म्याला, गळ्यात अडकवायची.

अक्कलकोट रोड, माग क्रमांक चार:
रबरावरून कशाला भांडताय? डोक्यावरून चादर घ्या. मी अख्खा हिवाळा तसाच बघतो. खांबाचा दिवा गेला, शेजारच्या लॉनवरचे लग्नाचे फोकस गेले, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतला झगमगाटही गेला. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. एका मोटरसायकलच्या हेडलाइटने ते वाया जातात, तिथे बोटभर रबर काय करणार?

जुळे सोलापूर:
चादरीत श्वास कोंडतो आणि आयपीसवर वाफ धरते. जानेवारीत मी करून बघितलंय. पाच मिनिटांत चंद्राला खळं.

अक्कलकोट रोड, माग क्रमांक चार:
नाक बाहेर ठेवायचं. चादर कपाळावरून घेऊन आयपीसभोवती सोडायची, तोंडावरून नाही. आणि चादर कुठली घेतली होती? घट्ट विणीच्या चादरीतून दिवा दिसत नाही. दिसला असेल तर ती आपली नव्हेच. पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपवतात, आपल्याच स्टेशनबाहेर! आमचे चार माग होते, आता एक चालतो. वडिलांनी नक्षीच्या जकार्ड मागावर काढलेला मोर आजही घरात आहे, चाळीस वर्षांत सूत हललेलं नाही. लोक शंभर रुपये वाचवतात आणि मग म्हणतात सोलापुरी चादर विरते.

जुळे सोलापूर:
माझी चादर चाटी गल्लीतून घेतलेली आहे. आजीच्या वेळेपासूनचं दुकान. खोटी म्हणू नका.

अक्कलकोट रोड, माग क्रमांक चार:
दुकान खोटं नाही म्हणालो. कडेची दशी उसवून बघा, सूत दुहेरी आहे का.

जुळे सोलापूर:
बघितली. एकेरी आहे. आता गप्प बसतो.

बार्शी नाक्याचे गुरुजी:
चादरीचा विषय मोठा आहे हे मान्य, पण मूळ मुद्द्याकडे येतो. शाळेच्या मैदानावर मी दरवर्षी मुलांना आकाश दाखवतो. पाचवीतली एक मुलगी शनी बघायला तीनदा रांगेत आली आणि तिन्ही वेळा "दिसला" म्हणून गेली. चौथ्यांदा मी विचारलं, कडं कसं होतं? रडायलाच लागली. तिला काहीच दिसलं नव्हतं. डोळा कुठे ठेवायचा हेच लहान मुलांना कळत नाही, आणि मागची रांग ढकलत असते. रबर उभं करून "इथे भुवई टेकव" म्हटलं आणि ती किंचाळली. तेव्हापासून माझ्या आयपीसचं रबर काढायची गोष्ट कोणी काढू नये.

साडेचार, तुमच्यासाठी एक उपाय सांगतो, तुमच्याकडे बार्लो, म्हणजे आयपीसच्या आधी लावायचं मोठं दाखवणारं भिंग, असेलच. 25 च्या प्लॉसलला दुप्पट बार्लो लावा. काम साडेबाराचं होतं, टिकली मात्र 25 च्या आयपीसइतकीच मागे राहते, उलट कणभर जास्तच. चष्मा लावून बसा.

मायनस साडेचार:
गुरुजी, हे पटलं. आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

काल रात्री सगळं करून बघितलं. 10 च्या आयपीसने, चष्मा काढून चंद्र बघितला. दृश्याची कड चारी बाजूंनी दिसली, दोन वर्षांत पहिल्यांदा. लिहायला जड जातंय, पण लिहितो. 25 ला मात्र चष्म्याशिवाय प्रत्येक ताऱ्याला शेपूट होतं. मान तिरकी केली की शेपूटही तिरकं व्हायचं, म्हणजे दोष माझ्या डोळ्याचा, आरशाचा नाही. तिथे चष्मा लागणारच आणि तिथे उभं रबर मला नकोच. माझं एवढं म्हणणं बरोबर होतं.

सातरस्त्याची गच्ची:
25 ला तुमचं बरोबर. टिकली 4.2 मिलिमीटरची होते, सिलिंडर पूर्ण दिसणारच. तिथे रबर दुमडा. मी सरसकट सगळ्यांना उभं ठेवा म्हणालो, ते चष्मेवाल्यांना लागू नाही. पण दुमडा म्हणजे दुमडा, कापू नका. दुमडलेलं रबर चष्म्याच्या काचेखाली गादीसारखं राहतं. कापल्यावर उघडी कड काचेवर घासते. तुमच्या काचेवर मधोमध गोल चरा असेल, उजेडाकडे धरून बघा.

मायनस साडेचार:
आहे. उजव्या काचेवर. मला वाटलं रुमालाचा.

आता तिन्ही रबरं कापून बसलोय त्याचं काय? सुटी मिळतात का?

अक्कलकोट रोड, माग क्रमांक चार:
सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंच तुकडा कापा आणि आयपीसवर ओढून बसवा, घट्ट बसतो. चष्मा असेल तेव्हा खाली सरकवा, नसेल तेव्हा वर. आतली पांढरी पावडर आधी धुवा, नाहीतर भिंगावर पडेल. पंक्चरवाला ट्यूब फुकट देतो. मी चारही आयपीसना तीच लावलीय.

मायनस साडेचार:
किती इंची सायकलची?