फॉर्टी-केमधली नावं: मुद्दाम पेरलेले अर्थ की चाहत्यांनी चिकटवलेले?

काळा_प्रायमर (मूळ धागा)

वॉरहॅमर फॉर्टी-के या टेबलावर पुतळ्यांनी खेळायच्या युद्धखेळावर बोलणं निघालं की कुणीतरी सुरू होतोच, "अमुक नावामागे तमुक कवी आहे, माहितेय का?" मला याचा वीट आलाय. १९८७ साली नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीतल्या मंडळींनी 'रोग ट्रेडर' हे खेळाचं पहिलं पुस्तक काढलं आणि तोंडाला येतील ती नावं ठेवली. त्याच पुस्तकात ओबीवान शेरलॉक क्लूसो नावाचा इन्क्विझिटर (धर्मद्रोही शोधून काढणारा अधिकारी) आहे. तीन लोकप्रिय पात्रांची नावं एकापुढे एक जोडली, झालं काम. गॅदरिंगच्या नाटकात खपेल अशी ही गंमत. या लोकांनी नावांत खोल अर्थ पेरले हे मला मान्य नाही. ते चाहत्यांनी मागाहून चिकटवले. आणि ते कळले नाहीत म्हणून नव्या खेळाडूला कमी लेखणं तर बंदच व्हायला हवं.

तळटीप

शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. बाकी मजकूर चूक आहे आणि तो चूक का आहे हे सविस्तर लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

डार्क एंजल्स या चॅप्टरचा (सैन्यतुकडीचा) प्रायमार्क, म्हणजे मूळ सेनापती, लायन एल'जॉन्सन. लायनल जॉन्सन हा १८६७ ते १९०२ या काळातला इंग्रज कवी, आणि त्याची सगळ्यात गाजलेली कविता 'द डार्क एंजल'. नुसतं प्रायमार्कचं नाव जुळलं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. इथे चॅप्टरचं नावही जुळतं. कविता आहे कोणालाही सांगता न येणाऱ्या, आतल्या आत जाळणाऱ्या ओढीवर. जॉन्सनला पुरुषांविषयी आकर्षण होतं, १८९१ मध्ये तो कॅथलिक झाला, आणि त्या दोन्हींची झटापट त्याच्या कवितेत दिसते. आता चॅप्टरची कथा आठवा. मूठभर आतल्या लोकांनाच ठाऊक असलेलं एक लाजिरवाणं गुपित, ते झाकण्यासाठी दहा हजार वर्षं चाललेली धडपड, आणि बंड करणाऱ्या उजव्या हाताचं नाव ल्यूथर, म्हणजे कॅथलिक चर्चविरुद्ध उठलेल्या मार्टिन ल्यूथरचं. हे सगळं चाहत्यांनी चिकटवलं म्हणता?

पुढचं बघा. याच चॅप्टरचा मूळ ग्रह कॅलिबन, राक्षसी श्वापदांनी भरलेला. थाउजंड सन्स या दुसऱ्या सैन्याचा ग्रह प्रॉस्पेरो, जादूगारांचा. शेक्सपियरच्या 'टेम्पेस्ट'मध्ये प्रॉस्पेरो ग्रंथांत बुडालेला जादूगार आहे आणि कॅलिबन त्याच्या बेटावरचा रानटी. दोन ग्रहांना बरोबर हीच दोन नावं मिळतात आणि दोन्ही आपापल्या स्वभावाला चपखल बसतात, ती तोंडाला येतील तशी ठेवली म्हणून नव्हे.

नाइट लॉर्ड्सचा प्रायमार्क कॉनरॅड कर्झ, त्याचा ग्रह नॉस्ट्रामो. जोसेफ कॉनरॅड हा लेखक, कर्ट्झ हे त्याच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'मधलं पात्र आणि 'नॉस्ट्रोमो' ही त्याची १९०४ ची कादंबरी. कर्ट्झ सुधारणा करायला म्हणून जातो आणि दहशतीचा देव होऊन बसतो. कर्झची कथा वेगळी आहे का? तो नॉस्ट्रामोवर न्याय आणायला निघाला आणि भीतीवर राज्य करू लागला. इन्क्विझिटर फ्योदोर कारामाझोव (दस्तयेव्हस्की) आणि टॉर्कमाडा कोटिझ (स्पॅनिश इन्क्विझिशनचा प्रमुख) यांच्याबद्दल तर लिहायचीही गरज नाही.

क्लूसो हा विनोद होता, कबूल. पण पहिल्या पानावर विनोद करणारा माणूस पाचव्या पानावर गंभीर होऊ शकतो.

सडेतोड

तळटीप, माहिती उत्तम आहे. पण तुम्ही नकळत मूळ धाग्याचीच बाजू बळकट केलीत. लायनल जॉन्सन कोणाला माहीत? इंग्रजी साहित्य शिकलेल्याला. मी बार्शीचा, बारावीपर्यंत मराठी माध्यम. पुण्यात आल्यावर हा खेळ हाती लागला. प्रायमार्कांच्या नावांपैकी कॉर्वस कोरॅक्स हे डोमकावळ्याचं शास्त्रीय नाव आणि फेरस मॅनस म्हणजे लॅटिनमध्ये लोखंडी हात, एवढं मी शोधून काढलं तेव्हा केवढा आनंद झाला होता. तो क्लबमध्ये सांगितला तर एकजण म्हणाला, "हे तर पाचवीतल्या पोरालाही कळतं." त्यानंतर मी तिथे नावांवर अवाक्षर काढलं नाही. हे अर्थ दार उघडायला ठेवलेले नाहीत, आत कोण आलं ते तपासायला ठेवलेत.

तळटीप

त्या माणसाने माती खाल्ली, त्याचा दोष नाव ठेवणाऱ्यावर कशाला? रेव्हन गार्डच्या प्रायमार्कचं नाव कावळ्याचं आहे हे स्वतःहून सापडणं हीच त्या नावाची मजा आहे. लिहिणाऱ्याने तुमच्यासाठीच ती ठेवली होती.

नॉटिंगहॅमकर

मी या शहरात राहते, लेंटनमधल्या कंपनीच्या मुख्यालयावरून रोज बस जाते. एक गोष्ट इथे राहिल्याशिवाय कळत नाही. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात नॉटिंगहॅमशायरचे बहुतेक कामगार कामावर जात राहिले आणि १९८५ मध्ये त्यांनी वेगळी संघटनाच काढली. माझ्या घरमालकिणीच्या माहेरी त्या संपावरून दोन भावांचं बोलणं तुटलं ते आजतागायत. असल्या शहरात खेळातल्या ऑर्कांच्या (दांडगट राक्षसांच्या) सेनापतीचं नाव ठेवलं जातं गॅझ्गकुल मॅग उरुक थ्राका. "मॅग... थ्राका" मोठ्याने म्हणून बघा. मार्गारेट थॅचर ऐकू येत नाही?

काळा_प्रायमर

हेच! याच रोगाबद्दल धागा काढला होता. लायनचं मी मानतो, तिथे दोन नावं आणि कथा असं तिहेरी जुळतं. थ्राकाचं काय जुळतं? आवाज. 'उरुक' सरळ टॉल्किनच्या कादंबरीतल्या उरुक-हाय या ऑर्कांवरून आलेला. ऑर्कांची भाषा इंग्लिश फुटबॉलच्या दंगेखोरांची, ते तर थॅचरबाईंच्या डोळ्यात खुपायचे. मग त्यांच्याच सेनापतीला बाईंचं नाव? घरमालकिणीच्या भावांचं दुःख खरं आहे, पण तो पुरावा नव्हे.

नॉटिंगहॅमकर

पुरावा कोर्टात लागतो. दंगेखोरांच्या सेनापतीला त्यांच्या शत्रूचं नाव देण्यातच तर खोच आहे. ती तुम्हाला दिसत नाही याला मी काय करू?

सडेतोड

तुम्ही दोघं थॅचरवर भांडा. मला एक सांगा, या चाळीस हजार वर्षांच्या पसाऱ्यात आपल्याकडचं काय आहे? इजिप्त आहे, मंगोल आहेत (जगताई खान), नॉर्स आहेत. आपण?

तळटीप

आहोत, आडून. खेळातल्या मानवी साम्राज्याच्या सम्राटाचा राजवाडा हिमालयावर बांधलाय, पर्वताचं नाव तिथे 'हिमालाझिया'. सोलर मॅकॅरियस हा सेनापती उघड उघड सिकंदर आहे. सात वर्षांत हजाराच्या आसपास ग्रह जिंकतो, आकाशगंगेच्या कडेला त्याचं सैन्य पुढे जायला नकार देतं, तो मरतो आणि सेनापती आपसांत लढू लागतात. सिकंदराचं सैन्य अडलं ते बियास नदीवर, इसवी सनपूर्व ३२६ मध्ये. म्हणजे ती आकाशगंगेची कड म्हणजे आपलं पंजाब.

पाचवा_फासा

पर्वत घेतला, नदीची कड घेतली, माणसं नाहीत. एक गोष्ट मात्र माणसांसकट घेतली, ती तुम्ही कोणीच काढली नाही. टाऊ. खेळातली परग्रहवासी जमात, २००१ मध्ये आलेली. पाच जाती: अग्नी, वायू, पृथ्वी, जल आणि वर बसलेले इथेरियल, म्हणजे आकाश. ही सरळ पंचमहाभूतं आहेत. जातीबाहेर संबंध नाहीत, जन्माने काम ठरतं, इथेरियलचा शब्द कोणी मोडत नाही. आणि इंग्रजी पुस्तकात शब्द थेट 'कास्ट' वापरलाय, वर्ग किंवा संघ नव्हे. याला लपवलेला संदर्भ म्हणायचं की उघडा?

तळटीप

इथे थांबतो. पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार तत्त्वं ग्रीकांकडेही आहेत आणि पाचवं ईथर अ‍ॅरिस्टॉटलने जोडलं. टाऊ हे ग्रीक अक्षरच आहे. सोनं, चांदी, लोखंडाचे माणसांचे थर प्लेटोकडे आहेत. शिवाय 'कास्ट' हा जीवशास्त्रातला रोजचा शब्द, मुंग्या-मधमाश्यांसाठी. टाऊंची शरीरंही जातीप्रमाणे बदललेली आहेत, वायूवाल्यांची हाडं ठिसूळ, अग्नीवाले दणकट. हे वारुळातून आलेलं वाटतं, आपल्याकडून नव्हे.

पाचवा_फासा

मुंग्यांमध्ये जातीबाहेर लग्नाला शिक्षा नसते, तळटीप. जॉन्सनसाठी तुम्ही दोन नावं जुळली की खूश होता, आणि इथे पाच तत्त्वं, जन्मसिद्ध काम, रोटीबेटीची बंदी, न लढता सगळ्यांवर राज्य करणारा वरचा थर इतकं जुळूनही तुम्हाला वारूळ दिसतं?

माझं सांगतो. एका ग्रुपमध्ये मी टाऊ घ्यायचं ठरवलं. टेबलावरच्या एकाने आडनाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "मग तू अर्थ कास्टच (पृथ्वी जात) घे, बांधकाम तुमच्याकडे." सगळे हसले. कोणी त्याला गप्प केलं नाही. त्या माणसाला अ‍ॅरिस्टॉटल माहीत नव्हता. त्याने पुस्तकातला शब्द वाचला आणि त्याला लगेच कळलं मला कुठे बसवायचं.

काळा_प्रायमर

हे वाचून राग आला. त्या टेबलावर मी असतो तर फासे उधळून उठलो असतो. पण तरी सांगतो, तो नीचपणा त्या माणसाचा आहे, खेळाचा नाही.

पाचवा_फासा

मी खेळाला नीच म्हटलेलं नाही. मी म्हणतो, लायन एल'जॉन्सनचा संदर्भ शोधायला हौस लागते, टाऊंचा शोधावा लागत नाही, तो आपल्याला शोधत येतो. आणि तुम्ही तज्ज्ञ मंडळी पहिल्यावर पाच परिच्छेद लिहिता, दुसऱ्यावर ग्रीस गाठता.

तळटीप

ठीक. लेखकांच्या मनात भारत होता हे मी अजूनही मानत नाही, त्याला ग्रीस पुरेसा आहे. पण 'कास्ट' शब्द इंग्रजी वाचकाला भारताकडे नेतो हे लिहिणाऱ्यांना ठाऊक असणारच, आणि त्यांनी तो ठेवला. तेवढं तुमचं बरोबर. आडनाव विचारणारा तो माणूस आमच्याकडे आला तर त्याला टेबल मिळणार नाही.

सडेतोड

वा, तळटीप यांनी परिच्छेदभर का होईना माघार घेतली. आता लगेहाथ हेही माना की जुनी नावं पुसण्यात कंपनीच सगळ्यात पुढे आहे. २०१३ मध्ये नावांवरच्या खटल्याचा निकाल आला, २०१४ मध्ये इम्पीरियल गार्डचं अ‍ॅस्ट्रा मिलिटारम झालं, मग एल्डारचं एल्डारी, डार्क एल्डारचं ड्रुखारी. ट्रेडमार्क मिळेल अशी नावं. यात कोणता कवी दडलाय?

तळटीप

कोणीच नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरी २०२२ मध्ये बुटक्यांना परत आणताना लीग्ज ऑफ व्होटान नाव दिलं, त्यात वोटान हा जुना जर्मन देव आहे. पूर्ण मेलेलं नाही.

पाचवा_फासा

जाता जाता. मी टाऊ सोडले नाहीत. फार्साइट या बंडखोर टाऊ सेनापतीची फौज खेळतो. तो इथेरियलांची सत्ता झुगारतो, आणि त्याच्यासह आठ जणांच्या टोळीत ओ'व्हेसा आहे, पृथ्वी जातीचा इंजिनियर. त्याने लढायचं नाही असा नियम असताना तो रिपटाइड हे अजस्र युद्धकवच चालवतो. मी त्याला पहिल्या रांगेत ठेवतो.

काळा_प्रायमर

ओ'व्हेसाचं माहीत नव्हतं, वाचतो. लायन, कॅलिबन, कर्झ मान्य. थ्राकावर मी इंचभरही हललेलो नाही.

नॉटिंगहॅमकर

हलू नका. मी रविवारी घरमालकिणीला "मॅग उरुक थ्राका" म्हणून दाखवते आणि ती काय म्हणते ते इथेच लिहिते.