खानापूर ते डोंबिवली: सासूबाईंना विमानानं न्यावं की गाडीनं?

खानापूरची_सून
आम्ही बेळगावजवळच्या खानापूरचे. पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलाचं लग्न आहे, डोंबिवलीला. सासूबाई ७८ वर्षांच्या, गुडघे पार गेलेत, तासभर एका जागी बसवत नाही. मिस्टर म्हणतात, सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमान तासाभरात मुंबईत, गाडीला दहा तास, विचार कसला करायचा? सासूबाईंचं म्हणणं, आपली गाडी बरी, वाटेत पाय तरी मोकळे होतात. मी दोघांनाही "हो" म्हणून बसलेय. आता तुम्हीच सांगा.

निपाणीकर
मिस्टरांचं ऐका. कागलच्या पुढं रुंदीकरणाचं काम, डायव्हर्जनवर डायव्हर्जन. गुडघ्यांचा पार चुरा होईल.

वडगावचा_डायवर
वहिनी, मी बावीस वर्षं बेळगाव-मुंबई गाडी मारलो, आता पोरगा मारतोय. विमानाचा तास म्हणजे नुसता वरचा. खालचा कोण धरणार? खानापूर ते सांबरा ३५-४० किलोमीटर, बेळगावातनं जायचं म्हणजे तास गेला. तिथं दीड तास आधी पोचायचं. मुंबईत उतरून बॅगा घेऊन डोंबिवली गाठायला दोन तास, संध्याकाळ असली तर जास्तच. झाले की साडेपाच तास! आणि हे विमान वेळेवर असलं तर. एकदा पावसाळ्यात गिऱ्हाईक आणायला सांबऱ्याला उभा होतो, ढगामुळं विमान हुबळीला उतरलं. मग काय, तिथनं शंभरेक किलोमीटर त्यांना रस्त्यानंच आणलो.

आणि बघा, बेळगाव-मुंबई सरळ रेघ मारली तर ४०० किलोमीटर, रस्त्यानं ५०० च्या आसपास. खरं तुम्हाला मुंबईला जायचंच नाही! एक्सप्रेसवे कळंबोलीला सोडायचा, शिळफाट्यावरनं डोंबिवली. विमान तुम्हाला पुढं नेऊन सोडतंय, तिथनं परत मागं यायचं.

पहाटे पाचला निघा. तवंदी घाट उतरला की निपाणीत पहिला चहा, मग कराड. जाताना खंबाटकीला बोगदा आहे, घाटाची वळणं येतानाच लागतात. पुण्यात कोण पाहुणे असतील तर रात्री मुक्काम टाका, बेळगाव-पुणे ३४० किलोमीटरच आहे. फक्त निघताना बातम्या बघा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर काय पेटलं तर कोगनोळीच्या टोलनाक्यावर गाड्या अडकतात, २०२२ च्या डिसेंबरात बघितलो मी.

मिरजेची_लेक
रेल्वेचं कुणीच कसं बोललं नाही? दादरच्या गाड्या मिरज, पुणे, कल्याण अशाच जातात. कल्याण म्हणजे डोंबिवलीच्या उशालाच. खालचा बर्थ घ्या, आजी रात्रभर आडव्या.

खानापूरची_सून
ताई, तेच आधी बघितलं होतं, सगळं वेटिंग. जाताना गाडी, पुण्यात मावसदिरांकडे मुक्काम, येताना विमान असं ठरतंय. सासूबाई आत्तापासून खिडकीची जागा मागतायत, मिस्टर टोलनाके मोजत बसलेत.

वडगावचा_डायवर
टोलनाके बेळगावातनं पुण्यापर्यंत सहा होतात, हत्तरगीचा धरून. विमानाचं तिकीट काढताना व्हीलचेअर तेव्हाच सांगा, दारात जाऊन मागू नका. आणि कुठला विमानतळ ते नीट बघा, आता उलव्याचा, म्हणजे नवी मुंबईचाही झालाय. सांबऱ्याला उतरल्यावर खानापूरला न्यायला गाडी आधीच सांगून ठेवा, पोराचा नंबर वैयक्तिक निरोपात देतो.