मदत हवी आहे: ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पाठवलेल्या रुग्णांत सेप्टिक शॉकचा अंदाज कसा बांधावा?

नमस्कार मंडळी. मी मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात मेडिसिनची रेसिडेंट आहे. रक्तात जंतुसंसर्ग असलेल्यांपैकी शॉकमध्ये (संसर्गामुळे रक्तदाब धोकादायक घसरणं) कोण जाईल, हा माझ्या प्रबंधाचा विषय; त्यासाठी रुग्णांच्या नोंदींवरून अंदाज बांधणारं संख्याशास्त्रीय मॉडेल करायचंय. पावसाळ्यात लेप्टो-मलेरियाने वॉर्ड भरून वाहतो, आयसीयूत खाट मिळत नाही. रात्री कुणावर जास्त नजर ठेवायची हे संध्याकाळच्या राउंडलाच कळलं, तर जीव वाचतील.

घोडं अडलंय लॅक्टेटपाशी (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक). २०१६ च्या सेप्सिस-३ व्याख्येत सेप्टिक शॉक म्हणायला, पुरेसं सलाइन देऊनही सरासरी रक्तदाब ६५ राखायला व्हॅसोप्रेसर (रक्तदाब चढवणारं औषध) लागणं आणि लॅक्टेट २ च्या वर असणं, दोन्ही हवं. आमच्याकडे लॅक्टेट एबीजीच्या (धमनीतल्या रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशिनवर होतं, आणि जो रुग्ण आधीच वाईट दिसतो त्याचंच पाठवलं जातं. बाकीच्यांचा रकाना कोरा. तिथे सरासरी भरली तर धडधाकट माणसालाही चढा आकडा चिकटतो. त्यांना वगळलं तर मॉडेल फक्त गंभीर रुग्णांवर शिकतं. आणि तपासणीच झाली नसेल तर शॉक म्हणायचा कशाच्या आधारे?

दुसरं, अंदाज कोणत्या क्षणी बांधायचा ती सुरुवातीची वेळ. कल्चर पॉझिटिव्ह आल्याचा फोन येईपर्यंत एखाद-दोन दिवस जातात, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून रक्त घेतल्याची वेळ धरावी असं वाटतं. पण मग जंतू कोणता, ई. कोलाय की क्लेब्सिएला, हे मॉडेलला सांगता येत नाही.

क्यूसोफा (श्वासाची गती, रक्तदाब आणि शुद्ध यांवरून काढलेला गुणांक) खाटेपाशी मोजता येतो, पण एकट्या त्याच्या भरवशावर चाळणी करू नका, असं २०२१ ची सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शिका सांगते.

जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद:
डॉक्टर, वेळ तुम्ही म्हणता तीच, रक्त घेतल्याची धरा, आणि त्या क्षणी आधीच व्हॅसोप्रेसरवर असलेल्यांना वगळा. त्यांचा अंदाज बांधायचा उरलेलाच नसतो. ज्याचा अंदाज बांधायचा ती घटना म्हणून 'व्हॅसोप्रेसर सुरू झालं का' हे मुख्य ठेवा, लॅक्टेटसकटची व्याख्या जोडीला तपासा. 'लॅक्टेट पाठवलं होतं का' हा स्वतंत्र रकाना करता येईल, पण त्यात डॉक्टरांची शंका मोजली जाते, त्यामुळे दुसऱ्या रुग्णालयात तो फसू शकतो. मॉडेल म्हणून साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही घटनेची शक्यता काढणारी संख्याशास्त्रीय पद्धत) घ्या. नुसता एयूसी (शॉकमध्ये जाणारे आणि न जाणारे मॉडेल किती वेगळे ओळखतं त्याचं माप) सांगू नका, कॅलिब्रेशनही (सांगितलेली शक्यता प्रत्यक्षाशी किती जुळते) दाखवा. शॉकमध्ये गेलेले रुग्ण किती आहेत ते इथे टाका, त्यावरच किती रकाने झेपतील ते ठरेल.