छोट्या गटात अक्षरं गिरवून घ्यावीत का?

पाटीपेन्सिल
छोट्या गटात २२ मुलं आहेत, वय ४ ते ४ वर्षं ८ महिने. पालकांना रोज वहीत पानभर 'अ' हवा आहे. गोल बहुतेकांना येतो, अधिकची खूण सात-आठ जणांनाच जमते, चौकोनाचे कोपरे गोल होतात. नऊ जण पेन्सिल मुठीत धरतात. दोघं डावखुरी आहेत. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे. लिहिण्याआधी हाताला काय जमायला हवं आणि ते कशाने येतं, हे त्यांना नेमकं सांगायचं आहे.

चिमूट
ताई, तुमची मुलं वयाला धरूनच आहेत. उभी रेघ साधारण २ ते २॥ वर्षांना येते, मग आडवी. गोल ३ ला, अधिकची खूण ४ च्या आसपास, चौकोन ४॥ ते ५ ला. त्रिकोण पाचनंतर, कारण तिरप्या रेघेत हात एकाच वेळी खाली आणि बाजूला न्यावा लागतो. हा क्रम सभेत फळ्यावर काढून दाखवा. मग शेजारी 'अ' काढा: दोन अर्धगोल एकाखाली एक, मधून जोडरेघ, काना, वर शिरोरेघ. ज्याला अधिकची खूण जमत नाही त्याला हे कसं जमेल, ते पालकांना आपोआप दिसेल.

मूठ सोडवायला "अशी धर" म्हणून बोटं वळवू नका, ते टिकत नाही. तेलखडूचे २-३ सेंटिमीटरचे तुकडे करा. एवढासा तुकडा मुठीत धरला तर टोकच बाहेर राहत नाही, बोटांनीच धरावा लागतो. कागद भिंतीवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. उभ्या कागदावर मनगट मागे वळतं आणि अंगठा-तर्जनी मोकळी होतात.

सगळ्यात चांगला सराव रांगोळीचा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, म्हणजे पेन्सिल धरणारी तीच तीन बोटं. सुरुवात रव्याने करा. बारीक पूड चिमटीतून भसकन सुटते आणि ढीग पडतो. आधी ठिपक्यावर चिमूट सोडायची, मग दोन ठिपके जोडायचे. हात हवेत स्थिर धरून बोटं जराशी सैल करणं, यातच पुढचं सगळं लेखन आहे. घरी मटार सोलणं, कणकेच्या गोळ्या करणं, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं. रोज १० मिनिटं पुरतात.

गमभन
पानभर का नको, तेही सांगा. पहिल्या ओळीत मूल बाईंचं अक्षर बघतं. दुसऱ्या ओळीपासून वरचं स्वतःचंच बघून काढतं, त्यामुळे पहिली चूक शेवटपर्यंत उतरत जाते. पाच अक्षरं काढायची आणि त्यातलं बरं कुठलं ते मुलालाच विचारायचं.

मोठ्या गटात अक्षरं घ्याल तेव्हा क्रम आकाराचा ठेवा. 'व' आधी, 'ब' नंतर. फरक फक्त पोटातल्या तिरप्या रेघेचा, पण मुलं तिथेच अडतात. र, स, ख त्याहून पुढे.

पालक पहिलीची घाई करतील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा आहे, पहिली-दुसरी त्यातच येते.

पाटीपेन्सिल
क्रम फळ्यावर काढूनच दाखवते. डावखुऱ्या दोघांचं काय? आणि नुसतं थांबायचं नाही, तपासायला पाठवायचं, असं कधी समजायचं?

चिमूट
डावखुऱ्यांचा हात बदलू नका. कागदाचा वरचा भाग उजवीकडे झुकवा आणि त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे कोपर शेजारच्याला लागत नाही. कात्री डावखुऱ्यांची द्या. साध्या कात्रीत कापायची रेघ पात्याआड जाते.

तपासणी हवी ती अशा मुलांची: ४॥ होऊनही गोल येत नाही, एक हात काम करताना दुसरा कागद धरायलाही पुढे येत नाही, हात थरथरतो, किंवा आधी जमणारी गोष्ट जमेनाशी झाली. शेवटचं दिसलं तर अजिबात वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात हे बघतात. कागदाला नाक लावून काढणाऱ्या मुलाचे मात्र आधी डोळे तपासून घ्यायला सांगा.